पगार चालूच आहे, वर डाळ

मंदाबाई : पिशवी ओट्यावर ठेव आन् जाय. ते झोपेल शेतस.

सारिका : दर महिन्याला मी आले की अभिमनभाऊ झोपलेलेच असतात. आज मला आत यायचंय अक्का. एरंडोल स्टँडवरून चालत आले या उन्हात. पाणी तरी द्या.

मंदाबाई : माठमा शे, घे. मॅनेजरबाईले पाणी नही म्हनू का मी?

सारिका : मी मॅनेजर नाही. सुपरवायझर. भाऊ बरे होईपर्यंत त्यांचा चार्ज सांभाळते, इतकंच. त्यांच्या खुर्चीत बसतसुद्धा नाही, शेजारी स्टूल टाकलंय. खुर्चीवर त्यांचा नॅपकिन होता, तो तसाच आहे.

मंदाबाई : तो नॅपकिन दी दे मंग. घरमा कामले ई.

सारिका : अक्का, मी सरळच बोलते. दिवाळीत भाऊंना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून मी दोन माणसांचं काम करते. सकाळी डाळमिलचं गोडाऊन, मग मशीन, मग भावावरून शेतकऱ्यांशी वाद, मग ट्रकवाल्यांच्या शिव्या. आधी त्या भाऊंना असायच्या. आता मला असतात, बाईमाणूस म्हणून जरा वेगळ्या. पगार मात्र सुपरवायझरचाच.

मंदाबाई : हाई माले काब्रं सांगस?

सारिका : शेठजींनी पाठवलंय म्हणून. मी त्यांना किती वेळा म्हटलं, काम मॅनेजरचं तर पगारातला फरक द्या. ते म्हणतात, "सारिका बेटा, मिलमध्ये मॅनेजरची खुर्ची एक, पगारही एक. तो माझ्या घरून निघतो आणि अभिमनच्या घरी जातो. आजारी माणसाचा पगार थांबवायचा नाही, ही आमच्या वडिलांची रीत. तुला पाहिजेच असेल तर मंदावहिनीला तोंडानं माग. ती हो म्हणाली तर मी त्यातून देतो." म्हणून आले. शरम वाटते, पण आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललंय. भाकरी जळाली की तिला आता वासावरून कळतं.

मंदाबाई : किती मांगस?

सारिका : अर्धा.

मंदाबाई : अर्धा.

सारिका : बरं, तिसरा हिस्सा. भाऊंचं औषधपाणी आहे, मला कळतं.

मंदाबाई : वा रे पोरी! बठ्ठा पगार खाई बठनी, आन् आते वरथून तिसरा हिस्सा मांगाले उनी?

सारिका : कोणी खाल्ला?

मंदाबाई : तू! दिवाळीपासून ह्या घरात एक रुपया येल नही. मी शेठले फोन लावा. शेठ म्हणे, "वहिनी, माझा इलाज नाही. सारिका कायद्याचं बोलते. म्हणते, काम मी करते, तर पगार माझा. आमची रीत मोडली तिनं. पण मी माणुसकी सोडणार नाही. दर महिन्याला डाळ पाठवीन." आन् पाठवी कोन्हासंगे? तुन्हासंगे!

सारिका : डाळ... डाळ वरची होती, अक्का.

मंदाबाई : कसानी वरनी?

सारिका : पगाराच्या वरची. पिशवी देताना शेठजी दर वेळी म्हणायचे, "अभिमनचा पगार चालूच आहे, वर ही डाळ." मी मिलभर सांगत होते, असा मालक मिळायला नशीब लागतं.

मंदाबाई : आन् मी गल्लीभर सांगू, अशी बाई कोन्हा नशिबी येऊ नये.

सारिका : म्हणून तुम्ही दार अर्धंच उघडायचात.

मंदाबाई : तू मान खाली घालीसन पिशवी ठेवे. माले वाटे, चोरनी मान शे.

सारिका : पाच किलो तूरडाळ होती, अक्का. मान खालीच जाते.

मंदाबाई : हं.

सारिका : भाऊंचं काय चाललंय? खरं सांगा.

मंदाबाई : धुळ्याले व्यायामना डॉक्टरकडे लई जाऊ. हात जरासा उचलाले लागना व्हता. मंग गाडीभाडं नही, डॉक्टरनी फी नही. बंद करं. हात परत पडी गया. बोलणं तर गेलंच. दोन शब्द तेवढे राहिले.

सारिका : कोणते?

मंदाबाई : "हो शेठ."

सारिका : म्हणजे?

मंदाबाई : पाणी पाहिजे का? हो शेठ. दुखस का? हो शेठ. मना भाऊ भेटाले उना, त्यालेबी हो शेठ. डॉक्टर म्हणे, माणूस जन्मभर जे जास्त बोलस, ते शेवटपर्यंत ऱ्हास.

सारिका : मी शेठजींना फोन लावते. आत्ता. तुमच्यासमोर. स्पीकरवर ठेवते.

मंदाबाई : लाव. माले घाबराले आते काय उरनं?

शेठ : बोल बेटा. पोचली का एरंडोलला? काय म्हणते वहिनी?

सारिका : मंदाअक्का इथेच आहेत, शेठजी. ऐकताहेत. दिवाळीपासून त्यांना पगार मिळालेला नाही. मलाही मिळालेला नाही. मग चालू आहे तो कुणाचा?

शेठ : अरे! दोघी एका ठिकाणी? छान झालं. मला केव्हाचं वाटत होतं, तुम्ही दोघींनी एकदा बसून बोलावं.

मंदाबाई : शेठ, पगार कोठे शे?

शेठ : आहे ना वहिनी, माझ्याकडे सुरक्षित आहे. माझी अडचण समजून घ्या. तुम्ही हक्कदार, ही पण हक्कदार. एकीला दिला तर दुसरीवर अन्याय. अन्याय माझ्या हातून होत नाही. म्हणून कुणालाच दिला नाही.

सारिका : तुम्ही मला सांगितलंत त्यांना जातो, त्यांना सांगितलंत मी नेते.

शेठ : दोघींची समजूत राहावी म्हणून. नाहीतर भांडला असतात. आता असं करा. मागचं मागे सोडा, जुनं उकरण्यात कुणाचं भलं नाही. या महिन्यापासून पगार एक. कुणाला किती ते दोघी ठरवा, उद्या मिल उघडायच्या आत सांगा.

सारिका : आणि नाही ठरलं तर?

शेठ : तर भडगावचा आमच्या साडूचा हितेंद्र आहे. एक तृतीयांशात तयार आहे पोरगा. स्टूलही मागत नाही. अभिमन आहे का जवळ? अभिमन, ऐकतोस ना? बरोबर बोललो की नाही मी?

अभिमन : हो शेठ.

शेठ : बघा. मॅनेजर असावा तर असा. ठेवतो.

(फोन बंद होतो. आतल्या खोलीतून पुन्हा एकदा, "हो शेठ.")

मंदाबाई : सारिका.

सारिका : हं.

मंदाबाई : तुले किती पुरतीन?

सारिका : असं विचारू नका अक्का. त्यांना तेच पाहिजे. आपण दोघी रात्रभर आकडे घासू आणि सकाळी ते पंच म्हणून बसतील. मागचा सगळा सोडून, पुढचा अर्धा अर्धा. म्हणजे त्यांना एका पगारात दोन मॅनेजर, आणि वर उपकार.

मंदाबाई : मंग काय करानं आपन?

सारिका : उद्या आपण दोघी मिलमध्ये जाऊ. भाऊंनाही नेऊ. मिलचा माल वाहणाऱ्या चुडामणचा टेम्पो सांगते, तो मला नाही म्हणणार नाही. भाऊंना त्यांच्या खुर्चीत बसवू, हमालांसमोर, शेतकऱ्यांसमोर. मी स्टुलावर, तुम्ही शेजारी. आणि सगळ्यांसमोर मागू. मागचा पगार यांचा, कामाचा फरक माझा. चारचौघांत शेठजींना नाही म्हणता येणार नाही. त्यांचा मान मोठा आहे.

मंदाबाई : ह्यासले खुर्चीमा बसाडानं?

सारिका : हो. लोकांना दिसू दे.

मंदाबाई : आन् शेठनी बठ्ठासमोर इचारं, "अभिमन, तुझा पगार तुला पोचला ना?" मंग ह्या काय सांगतीन?

(सारिका चुडामणला लावायला काढलेला फोन परत पर्समध्ये ठेवते.)

मंदाबाई : जाऊ दे. चप्पल काढ, आत ये. जेवी ले माय. डाळ बख्खळ शे.