उघडं फाटक

(कोळिकोडजवळच्या गावातलं घर. उद्या वाचनालयात बायकांची वाचनस्पर्धा, नेमलेल्या कादंबरीवर प्रश्न. जानू आणि तिची नणंद कार्त्यायनी, निवृत्त शिक्षिका, पडवीत तयारीला बसल्या आहेत.)

कार्त्यायनी : परत रडलीस? अगं, मी प्रतीक विचारलं होतं!

जानू : काय करू, वन्सं? गेल्या वर्षी परीक्षकांपुढेही अशीच रडले. बिचाऱ्यांनी पाणी दिलं, मार्क मात्र एकही दिला नाही. यंदा मला पुढच्या फेरीत जायचंच आहे.

कार्त्यायनी : मग डोळे पूस. पूर्वसूचना म्हणजे काय?

जानू : सकाळी शेळी आपल्या फाटकापाशी घुटमळत होती, ती पूर्वसूचना. मग आत येऊन तिनं कढीपत्त्याचं झाड फस्त केलं, ते कथानक. आणि मी मठ्ठ, पुट्टू वाफवत बसले.

कार्त्यायनी : छान! असंच सांग. उपरोध?

जानू : काल माझ्या मासळीच्या कालवणाला तुम्ही ‘अप्रतिम’ म्हणालात, तो.

कार्त्यायनी : कळला होय तुला? बरं, आता प्रतीक. कादंबरीतला म्हातारा शेवटपर्यंत फाटक उघडं का ठेवतो?

जानू : माझ्यासारखा वेंधळा असेल.

कार्त्यायनी : नाही गं! मुलगा भांडून गेलाय त्याचा. ‘परत ये’ म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून फाटक उघडं. ते फाटकच बोलावतं त्याला. कळलं?

जानू : कळलं. वन्सं, मग आपलं फाटक?

कार्त्यायनी : आपलं गंजलंय. लागत नाही.

जानू : वेल्डिंगवाला आला होता की काल. तुम्हीच परत पाठवलंत. ओणमच्या आधीही पाठवलंत. मला आपलं वाटलं, चिकटपणा करताय. तुमचा सुगतन भांडून मस्कतला गेल्यापासून हे चाललंय, नाही का?

कार्त्यायनी : जन्मभर पोरांना प्रतीकं शिकवली मी. आणि माझ्याच दारातलं ओळखलं कुणी, तर या रडूबाईनं! काय पण मास्तरीण!

जानू : फोन लावू त्याला?

कार्त्यायनी : कुठल्या तोंडानं बोलू? मास्तरणीच्या मुलानं पोटासाठी गाडी चालवायची नाही, असं मीच म्हणाले. पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस, हेही मीच म्हणाले.

जानू : त्यातलं काहीच काढू नका. नुसतं सांगा, शेळीनं कढीपत्ता खाल्ला.

कार्त्यायनी : आणि शेळी आत आलीच कशी, असं विचारलं तर?

जानू : सांगायचं, फाटक उघडंच असतं म्हणून.