शेवटचं काम शकूचं

सन्माननीय अध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती उमाताई वैशंपायन, आणि कर्जत, खालापूर, नेरळ, कशेळे अशा चारी बाजूंनी आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

रीत अशी की वक्त्याने आधी मनसोक्त बोलावं आणि चुकलंमाकलं म्हणून शेवटी क्षमा मागावी. मी ती आत्ताच मागून घेतो. सभागृह देणाऱ्या मंडळाचे आणि मागे चुलीपाशी बसलेल्या मंडळींचे आभारही आत्ताच मानतो. आमच्या सत्कारमूर्ती शेवट आधी शिकवतात. का, ते ओघात येईलच.

माझ्या मागच्या फलकावर 'थोर समाजसेविका' असं रंगवलंय. उमाताईंनी आत येताना ते वाचलं आणि माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो उभ्या वकिलीत एकाही न्यायाधीशाने टाकला नव्हता. उमाताई, फलक माझा नाही. मी रंगवला असता तर 'वर्तन-विश्लेषक' लिहिलं असतं, आणि निम्म्या लोकांनी पुन्हा तीच चूक केली असती.

कोणती चूक? बारा वर्षांपूर्वी बंगलोरहून शिकून आलेल्या या बाईंनी कोर्टासमोर, माझ्या कचेरीला लागून, एक खोली घेतली आणि दारावर हाच शब्द लिहिला. आमच्याकडे वर्तन हा शब्द फक्त शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भेटतो. तेव्हा कुंभिवलीकडे कारखाने उभे राहत होते, नोकरीला वर्तणुकीचा दाखला लागायचा. झालं! सकाळपासून तरुण मंडळी बाईंच्या दाराशी. "बाई, आमची वर्तनूक चांगली हाय, लिवून द्या." त्या शांतपणे सांगायच्या, मी वर्तन बघते, दाखला देत नाही. मग ती सगळी फौज प्रतिज्ञापत्र करायला माझ्याकडे. माझी वकिली त्या वर्षी चांगली चालली, हे कबूल करायला हरकत नाही.

मी त्यांना म्हणालो, पाटी बदला. नुसतं 'मुलांच्या बाई' लिहा. त्या म्हणाल्या, "नाना, तुम्ही वकिलीऐवजी 'भांडणांचे काका' लिहाल का?" त्यांचं म्हणणं, सेवा म्हटली की लोक हात जोडतात आणि निघून जातात, व्यवसाय म्हटला की विचारतात, कुठे शिकलात, गुण येतो का. त्यांना तो प्रश्न हवा होता. पाटी राहिली.

आणि गुण आला का? तर ऐका.

त्या दाखलेवाल्यांच्या गर्दीत एके दिवशी कुंभिवलीच्या धोंडूबाई आल्या. आज पहिल्या रांगेत बसल्यात. सोबत नऊ वर्षांची लेक, शकू. शकू बोलत नव्हती आणि स्वतःचा हात चावायची, रक्त येईतो. घरच्यांनी ठरवलं होतं, भाताची झोडणी उरकली की पोरीला लांब कुठल्याशा आश्रमात सोडायची. धोंडूबाईंना दाखला नको होता. त्यांना लेक घरात राहायला हवी होती.

मी वकील. मला वाटलं, पोर हट्टी आहे, मुद्दाम करते. कायदा हेतू शोधतो ना? उमाताई म्हणाल्या, "हेतू मला दिसत नाही, नाना. आधी काय झालं ते दिसतं आणि नंतर काय झालं ते दिसतं." कुंभिवलीला जाऊन त्या चुलीजवळ नुसत्या बसून राहिल्या. लोकांना वाटलं, बाईंना घरी काही काम नाही. त्यांना दिसलं ते असं. धोंडूबाई भाकऱ्या थापायला बसल्या की त्यांचे दोन्ही हात पिठात. की शकू हात चावायची. की आई भाकरी टाकून धावायची, पोरीला पोटाशी धरायची. बिचाऱ्या पोरीला आईला बोलवायचा तेवढा एकच रस्ता ठाऊक होता!

मग दुसरा रस्ता शिकवायचं ठरलं. शकूला आईशेजारी बसवलं आणि भाकरी करायला शिकवलं, पण उलट्या बाजूने. पीठ आईने मळायचं, भाकरी थापायची, भाजायची. निवालेली भाकरी दुरडीत ठेवायची तेवढी शकूने. उमाताई म्हणायच्या, "शकू, शेवटचं काम तुझं." भाकरी दुरडीत पडली की आईने तिला तिथल्या तिथे जवळ घ्यायचं, चावायची वाट बघायची नाही. ते जमलं की त्याच्या आधीचं काम, मग त्याच्या आधीचं. गावाने त्यांचं नाव 'उलट्या बाई' ठेवलं. धोंडूबाईसुद्धा वैतागल्या. "बाई, ठेवाय शिकली, पन थापाय कंदी शिकायची?" उमाताई म्हणाल्या, "आधी तिला काम पुरं झाल्याचा आनंद कळू दे. मग ती मागे मागे जाईल."

झोडणी उरकली. ठरल्याप्रमाणे शकूचा काका गजा टेंपो घेऊन दारात आला. धोंडूबाईंनी लेकीचं गाठोडं बांधलेलं होतं. मला हे त्यांनीच सांगितलं आणि सांगताना दोघंही रडलो, त्यात लाज कसली? गजा निघण्याआधी जेवायला बसला. शकूने तव्यावरची भाकरी उलथली, फुगू दिली, उतरवली आणि दुरडीत न ठेवता काकाच्या ताटात नेऊन ठेवली. हाताला दात लागला नाही. गजा जेवला, पाणी प्यायला, आणि वहिनीला म्हणाला, "हिला न्येली तं मना भाकरी कोन वाढील गं?" टेंपो रिकामा जायला नको म्हणून त्यात पेंढा भरून नेला.

मंडळी, त्या दिवशी हा व्यवसाय कर्जत-खालापुरात उभा राहिला. मी कोर्टात खटले जिंकलोय, पण असा निकाल ऐकला नाही. पुढे त्या एका खोलीच्या तीन झाल्या. आता उमाताई पुण्याला चालल्यात, वर्तन-विश्लेषण शिकवणारा अभ्यासक्रम सुरू करायला. पहिल्या तुकडीत नेरळची एक मुलगी आहे, कशेळ्याची एक आहे. इथली जागा त्यांच्याच हाताखाली तयार झालेली अनसूया सांभाळेल, रीतसर पगारावर. उद्या प्रत्येक बाजाराच्या गावात अशी पाटी लागेल आणि तिच्याकडे दाखला मागायला कोणी जाणार नाही. मी ते बघायला असेन-नसेन, पण ते होणार.

उमाताई, दाखला तुम्ही कधी कुणाला दिला नाहीत. आज या सभागृहातर्फे तुम्हाला मी देतो, तोंडी: वर्तणूक उत्तम.

आता भाषण संपलं, पण कार्यक्रम नाही. शाल-श्रीफळ सभापती महोदयांनी दिलंच आहे. मागे चुलीपाशी पहाटेपासून जी बसली आहे, ती शकू. पीठ मळण्यापासून आजची प्रत्येक भाकरी तिची आहे. दुरडी भरली आहे. त्यातली पहिली उमाताईंच्या हातात द्यायची राहिली आहे, आणि ती मी देणार नाही.

शकू, ये गं. शेवटचं काम तुझं.