पूर्ण दहा, शेवटचा नंबर

हॅलो?… हो, नुरिसच बोलतेय. माझ्या फोनवर दुसरं कोण असणार?… कोण, बेल्हिका? अगं बाई. चार घरं सोडून राहतेस आणि वर्षभरात आज पहिला फोन… नाही, नाही, बोल ना. मोकळीच आहे. ॲप सांभाळणाऱ्या बाईला खिरीच्या स्पर्धेत भांडं ठेवता येत नाही, तुमच्याच समितीचा नियम. तेव्हा ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी सारं गाव चौकात, आणि मी घरात तांदूळ निवडत बसलेय.

काय म्हणालीस? तुमचा तो लाउडस्पीकर फार ओरडतोय. जरा चर्चच्या मागे जा… हं, आता बोल.

शेवटचा नंबर? कुणाचा, तुझा?

…नाही गं, हसत नाहीये. ठसका लागला.

हो… हो… ऐकतेय. राजम्याच्या खिरीला परीक्षकांनी तुला दहापैकी दहा दिले… तोंडावर सांगितलं? फार्मसीवाल्या आबेलार्दोंनी स्वतः?… आणि ॲपमध्ये तू सगळ्यांच्या खाली. साऱ्या गावाच्या मोबाइलवर. अरेरे.

बघते ना. तेच काम आहे माझं. पण क्रमाने जाऊ. ॲप बंद करून परत उघडलंस?… मग कर. मी थांबते… तसं नाही, पूर्ण बंद. बोटाने वर ढकलून द्यायचं, नको असलेल्या पाहुण्यासारखं… उघडलं? अजून तळालाच? हं. आता फोन बंद करून… खरंच की, मग माझ्याशी कशावर बोलशील. राहू दे. शेजारच्या कुणाचा तरी फोन घे, त्यात बघ… त्यातही तेच? मग फोन ठीक आहेत. डेटाबेसला आपण जे विचारतो, त्याचं उत्तरच तसं येतंय.

काय? ॲपच चुकतंय?

बेल्हिका, यंत्र कधी खोटं बोलत नाही.

…कुणाचं वाक्य हे, आठवतं?… नाही आठवत. बरं, मी सांगते. मागच्या वर्षी, हाच रविवार, हाच चौक. माझ्या आईचं भांडं तळाला आलं. आबेलार्दो तुझ्याकडे आले, तू समितीची अध्यक्ष. म्हणाले, अहो, दोन्या तोमासिनांना आम्ही सगळ्यांनी मिळून दहा दिलेत, हे असं कसं? आणि तू म्हणालीस, यंत्र खोटं बोलत नाही. आणि गेलीस पहिल्या नंबरची लाकडी पळी घ्यायला.

…कुणी म्हणजे? त्यांनीच सांगितलं. आई गेली, तिच्या नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला आले होते तेव्हा. हातातली कॉफी गार झाली त्यांच्या, एवढं रडले. त्याच दिवशी तू स्वयंपाकघरात कप विसळत होतीस आणि माझ्या जावेला म्हणालीस, बिचारी, शेवटी शेवटी हातच विसरला होता तिचा. मी दाराआड होते, बेल्हिका. हातात साखरेचा डबा होता माझ्या.

…नाही, विषय बदलत नाहीये. हाच विषय आहे.

लोक ओरडतायत? ओरडू देत. घाम पूस आणि ऐक. तुझ्या भाच्याने, विल्किनने, ॲप बनवताना गुण आकडे म्हणून ठेवले नाहीत, शब्द म्हणून ठेवले… अगं ऐक ना, सोपं आहे. शब्द क्रमाने लावताना आपण काय बघतो? पहिलं अक्षर. ते तसंच करतंय. दहा लिहिताना आधी काय येतं? एक. झालं. एकाने सुरू होतो म्हणून दहा गेला नवाच्या खाली, आठाच्या खाली, पार दोनाच्याही खाली… नाही गं, पोराला शिव्या देऊ नकोस, पोरगं गुणी आहे. त्याला कसं कळणार? तुमचे परीक्षक इतकी वर्षं साडेनवाच्या पुढे कधी गेलेच नाहीत. आणि भांडणं होतात म्हणून गुण लपवा, नुसती नावं दाखवा, हेही समितीनेच ठरवलं. पूर्ण दहा मिळाले तरच माणूस तळाला जातो. आधी माझी आई गेली. आता तू.

…कधी कळलं? जानेवारीत. विल्किन स्पेनला गेला आणि सगळं माझ्या गळ्यात घालून गेला. मी आपली व्हिडिओ बघून बघून शिकलेली, म्हटलं आत काय काय आहे ते बघू. बघते तर आईच्या नावापुढे दहा.

हो, तेव्हाच दुरुस्त करता आलं असतं. एका ओळीचं काम.

…कारण या वर्षी तुझी खीर चांगली होणार हे मला माहीत होतं. आठवडाभर वास येतोय तुझ्या घरातून. रताळं आधी भाजून घेतेस आता, आईसारखं. नारळाचं दूध दोनदा पिळतेस. कुणाच्या ओट्यापाशी उभी राहून शिकलीस ते?… हं. म्हणून वाट बघितली. उपासाचे दिवस वाट बघण्यासाठीच असतात, असं फादरच म्हणतात.

दुष्ट? म्हण. आज काय हवं ते म्हण.

करते ना दुरुस्त. माझ्या समोरच उघडं आहे. पण एक सांगून ठेवते. मागच्या वर्षांचे विजेतेही डेटाबेसला विचारलेल्या त्याच प्रश्नातून, त्याच क्वेरीतून येतात. मी हात लावला की दोन्ही याद्या बदलणार. या वर्षी तू तळातून वर. मागच्या वर्षी तू वरून खाली.

…येतं की. नुसतं याच वर्षापुरतं करायला येतं मला.

करणार नाही.

…हो, तू माझ्या योकास्ताची धर्ममाता आहेस. बाप्तिस्म्याला तूच तिला हातात धरलं होतंस. म्हणूनच तर इतकं लागलं. परक्या बाईने केलं असतं तर चार शिव्या देऊन झोपले असते.

तुला माहितीये आईने त्या रात्री काय केलं? भांडं घासलं, अंगणात नेऊन पालथं घातलं. परत उचललंच नाही. कोंबड्या बसायच्या त्यावर. त्यानंतर साध्या भातात मीठ घालायचं तरी मला हाक मारायची. म्हणायची, नुरिस, चाखून बघ गं, माझ्या जिभेचा भरवसा नाही आता. साठ वर्षं गावाला जेवू घालणारी बाई. नोव्हेंबरात गेली ती हेच मनात घेऊन गेली. तू त्या दिवशी एक शब्द बोलली असतीस ना, बेल्हिका, तर ती चवीची बाई म्हणून गेली असती.

…

रडतेयस?… रड. पण माइक कुठे आहे? माइकपाशी जा.

हो, आत्ता. तू सांगायचं, मग मी बटण दाबणार… काय सांगायचं? मागच्या वर्षीचा पहिला नंबर दोन्या तोमासिना पेन्यांचा होता… हो, पूर्ण नाव, मानाच्या ‘दोन्या’सकट… नाही. "ॲपमध्ये बिघाड होता" नाही. बिघाडाचं मी बघून घेईन. तू म्हणायचं, मला माहीत होतं. एवढंच वाक्य.

लोक काय म्हणतील? तेच म्हणतील जे मी नोव्हेंबरपासून म्हणतेय. तुला सवय होईल.

फोन चालूच ठेव. मी खिडकी उघडते…

ऐकू येतंय. हवेची फुंकर नको मारूस माइकमध्ये… हं…

…

परत म्हण. नाव नीट ऐकू आलं, पुढचं तोंडातल्या तोंडात राहिलं. मोठ्याने.

…

हं.

…

आहे गं, इथेच आहे. डोळ्यात काहीतरी गेलं. तांदळाचा कोंडा.

दाबलं. आता ॲप उघड… नुसतं खाली ओढ, म्हणजे नवीन यादी येईल… आली? वाच… पहिली तू. हो, तुझीच आहे, घे. मी तुझं काही काढून घेतलेलं नाही. मागच्या वर्षीचं पान बघ. कोण आहे वर?… मोठ्याने वाच, माझ्यासाठी… परत एकदा.

बरं. आता टाळ्या कसल्या वाजतायत?… आईसाठी? आबेलार्दोंनी सुरू केल्या?… वाजवू देत.

माफ केलं का? छे. इतक्यात कुठे. आज तांदूळ निवडायचेत मला.

ती पळी तुझ्या सलूनमध्ये आरशावर टांगलीयेस ना? ती काढ आणि घेऊन ये. संध्याकाळी नाही, आत्ता. यंदाची नवी मिळेल ती टांग तिथे. मी तोवर अंगणातलं भांडं सरळ करते… कोंबड्या बघतील दुसरी जागा.

आणि ऐक. गेल्या वर्षी आमच्या दारात खिरीची वाटी पाठवली नाहीस, यंदाही नाही. सगळ्या गल्लीला गेली, आमचं एक घर सोडून… मला माहीत नाही का, लाज वाटली म्हणून. हो. वाटायलाच हवी होती.

तेव्हा पळी रिकामी आणू नकोस. खिरीवरची बिस्किटं वेगळ्या पुडीत आण, वर घातली की मऊ पडतात. दहाची खीर आहे म्हणे. आई नाही तर मी चाखणार, मग बघू किती ते.

ठेवते.