पेन ड्राइव्हमधील नाव पुसल्याबाबत

पुरवणी जबाब

नाव : अनादिनाथ बटब्याल, वय ६१ वर्षे, धंदा : निवृत्त सरकारी कारकून, सध्या नवारुण पाठागार या वाचनालयाचा मानद चिटणीस, राहणार चुंचुडा, जिल्हा हुगळी.

काल दिलेल्या फिर्यादीच्या संदर्भात आज स्वतःहून ठाण्यात हजर राहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नी मिनती हिच्यासह राहतो. वाचनालयात सभासदांसाठी एक नवा कॉम्प्युटर आहे. त्याची देखरेख माझ्याकडे असून तो कसा वापरू नये याच्या सूचना मी भिंतीवर लावल्या होत्या.

आमचे सभासद भवतोष सान्याल, वय अंदाजे ७४, ज्यूट मिलमधून निवृत्त, हे रोज संध्याकाळी येतात. त्यांच्या जानव्याला किल्लीसोबत एक पेन ड्राइव्ह बांधलेला असतो. गाठ सोडून, तो लावून ते कॉम्प्युटर सुरू करतात, तेव्हा आमची नवी सिस्टिम न येता जुनी विंडोज एक्सपी येते. हिरवी टेकडी आणि निळे आकाश दिसते. त्यांचा घरचा कॉम्प्युटर बंद पडला, तेव्हा घड्याळाच्या चौकातल्या कॉम्प्युटर दुकानदाराने त्यातले सगळे जसेच्या तसे या पेन ड्राइव्हवर उतरवून दिले, असे ते सांगतात. मी हरकत घेतली असता ते म्हणाले, "अनादि, तुझ्या मशीनचं मी फक्त अंग वापरतो रे. जीव माझा मी घेऊन येतो, घेऊन जातो." पेन ड्राइव्ह काढल्यावर आमचा कॉम्प्युटर पूर्ववत होतो, हे खरे आहे. तरी सूचनेत बसत नाही.

सान्याल त्यावर चौकोन उघडत सुरुंग शोधायचा जुना खेळ खेळतात. रोज हरतात. हरले की हसतात. तुम्हाला हा खेळ जमत नाही, असे मी त्यांना सर्वांसमक्ष दोनतीनदा सांगितले आहे. त्यांनी नवा डाव मांडला.

काल ते चहा प्यायला बाहेर गेले, पेन ड्राइव्ह तसाच ठेवून. त्यांच्या तोंडी 'बॉम्ब' हा शब्द वारंवार येत असल्याने चिटणीस या नात्याने मी तपासणीसाठी बसलो. नोकरीत असताना जेवणाच्या सुट्टीत मी हाच खेळ खेळत असे. सुट्टी कधीकधी लांबत असे. तपासणी करताना माझा डाव पुरा झाला आणि सर्वांत कमी वेळेचा विक्रम झाल्याची चौकट आली. तीत नाव लिहायचे होते. चौकटीत 'बीथी' असे नाव आधीच होते. विक्रम माझा असताना दुसऱ्याचे नाव राहणे ही चुकीची नोंद झाली असती. म्हणून ते पुसून मी माझे पूर्ण नाव लिहिले.

सान्याल परत आले. मी त्यांना पडदा दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि विचारले, "बीथी कुठे गेली?"

मी म्हणालो, "कोण बीथी? विक्रम आता माझ्या नावावर आहे."

त्यावर त्यांनी हातातली छत्री माझ्या खांद्यावर मारली. माझा चष्मा खाली पडून फुटला. नंतर त्यांनीच खाली वाकून काचा वेचल्या, मला पाणी आणून दिले आणि पेन ड्राइव्ह काढून पुन्हा जानव्याला घट्ट बांधला. तोपर्यंत मी ठाण्याला फोन करून 'बॉम्ब' या शब्दाचाही उल्लेख केला होता. आपल्या हवालदारांनी पेन ड्राइव्ह जप्त केला. जानव्याची गाठ सुटेना, म्हणून सान्यालांनी जानवेच काढून दिले.

घरी मिनतीने खांदा शेकताना सर्व विचारून घेतले. मग शेकायची थांबली. म्हणाली, "बीथिकादींचं नाव पुसलंत?"

मी म्हटले, "सान्यालबाबूंच्या बायकोचं नाव बीथिका होतं. हे बीथी होतं."

"घरात बीथीच म्हणायचे ना तिला! शेवटी अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दिवसभर तोच खेळ खेळायची. विक्रम केला, तेव्हा या माणसाने मासळीबाजारात सगळ्यांना धरून धरून सांगितलं. तुम्हालाही सांगितलं असेल. तुमचं लक्ष कुठे असतं?"

"पण मग ते रोज हरतात कसे?"

"मुद्दाम हरतात! डाव संपत आला की बॉम्बवर बोट ठेवतात. जिंकले आणि वेळ कमी लागला, तर तिचं नाव जाईल म्हणून. एवढं कळत नाही, आणि निघाले बॉम्ब शोधायला."

मी जेवलो नाही. मिनतीने आग्रहही केला नाही.

आज सकाळी मी सान्यालांकडे गेलो. त्यांनी मला ओट्यावर बसवले आणि खांदा कसा आहे ते विचारले. मी विचारले, "दादा, ते परत करता येईल का?"

ते म्हणाले, "दुकानदाराला विचारलं. त्याच्याकडे जुनी प्रत नाही. आता तुझा वेळ मोडला तरच चौकट उघडेल. माझा हात थरथरतो, अनादि. मला ते व्हायचं नाही."

"मी मोडतो. पण दादा, तो वेळ माझा असेल. बीथिकाबौदींचा नाही."

त्यांचा हात जानव्याच्या जागी गेला. मग म्हणाले, "वेळ तुझा असू दे. नाव तिचं लिही. आणि हे बघ, नुसतं बीथी. पूर्ण नाव लिहू नकोस, तिला आवडायचं नाही."

तरी माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. छत्री त्यांच्या हातात होती आणि माझा खांदा तिच्यासमोर होता, एवढेच मला सांगायचे आहे. जप्त केलेला पेन ड्राइव्ह स्फोटक नसून तो जानव्यासह भवतोष सान्याल यांना आजच परत मिळावा, ही विनंती. काल माझा हात चांगला चालला होता. तसा तो पुन्हा किती दिवसांनी चालेल हे सांगता येत नाही. म्हणून संध्याकाळपासूनच बसावे, असे आम्हा दोघांचे ठरले आहे. भिंतीवरच्या सूचना मी काढल्या आहेत.

माझा हा जबाब मी सांगितल्याप्रमाणे लिहिला असून, चष्मा फुटला असून नवा संध्याकाळी मिळणार असल्यामुळे मला तो वाचून दाखवण्यात आला. तो बरोबर आहे. खाली माझे नाव मी स्वतः लिहिले आहे, आणि येथे ते योग्य जागी आहे.

(सही) अनादिनाथ बटब्याल