परीच्या गावचं ताट

गोरेगावात सेनगावची जीप अजून भरायची होती. लेकीच्या घरी निघालेल्या मनकर्णाबाईनं मांडीवर भाकरीचं फडकं सोडलं. नातवंड होईस्तोवर लेकीच्या घरचं खायचं नसतं, म्हणून वाटेतच जेवून घ्यायचं होतं. समोर दोघी बहिणी बसल्या होत्या. हिरवा चुडा भरलेली थोरली सासरी चालली होती आणि धाकटी तिला हातातल्या इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगत होती.

"आयर्लंडातल्या पऱ्यांचं गाव हाय ताई, टेकडीच्या पोटात. गाणं, नाच, दिवे, सगळं हाय. पऱ्या एका पोरीला तिथं घेऊन गेल्या. पण तिथला एक घास खाल्ला की माणूस तिथलंच होऊन जाते."

"मंग ही पोरगी?"

"उपाशी बसली. पऱ्या ताट वाढून राहिल्या अन् ही तोंड फिरवून राहिली."

"परत कशी आली?"

"बाप आला न्यायला."

"त्यानं तरी खाल्लं का तिथं?"

"न्हाई. त्याला म्हाईत व्हतं."

"आपले बाबा बी खात न्हाईत माझ्याकडं. पाणी बी घेत न्हाईत. बसतेत अन् उठतेत."

"ती रीत हाय ताई."

"व्हय. पण ते उठले की मला बी चप्पल घालावी वाटते."

"सणाला येशीलच की."

"येईन. पाव्हणी म्हणून."

"काहून असं बोलून राहिली?"

"पुनम, मी तर पहिल्याच दिवशी उखाणा घेऊन घास खाल्ला."

धाकटीनं पुस्तक मिटलं. ड्रायव्हरनं जीप चालू केली. मनकर्णाबाईनं न मोडलेली भाकरी पुन्हा फडक्यात बांधली.

"काहून वं माय, जेवत न्हाई का?" शेजारच्या बाईनं विचारलं.

"लेकीकडंच जेवते आज."