अर्ध्या लाटण्याचा पेन

— नाही जी, त्याले बोट नका लावू, धार आहे त्याले. दिसते गरीब, पण खाली पाहा, चार दात आहेत. तुमाले वाटन एवढ्या मोठ्या लेथपुढं हे वीतभर काय करते — तं खरं काम हेच करते, लेथ नुसती फिरते. तुमी विचारलं नं, एका पेनाले चार दिवस काहून लागते? याच्यामुळं लागते. लाकडाले भोक पाडलं, त्यात पितळेची नळी चिकटवली, झालं का? नाही झालं. लाकडाचं तोंड नळीच्या तोंडाबरोबर आलं पाहिजे, अन् नळीशी बरोबर काटकोनात पाहिजे. सुताराजवळ गुण्या राहते नं, चौकटीचा कोपरा तपासाले — तसा पेनाले हा कटर. याची दांडी नळीत घालायची अन् हलक्या हातानं फिरवायचं. केसभर तिरपं राहिलं तं पेन जोडल्यावर लाकडाच्या अन् पेनाच्या धातूच्या कड्याच्या मधात फट दिसते. लोकाले नाही दिसत. मले दिसते. म्हणजे — दिसत होती.

बसा नं, उभे काहून. त्या स्टुलावर भुसा आहे, झटकून घ्या. तं तुमी ऋषिकेश, अस्मिताताईचे लहाने भाऊ. ताईनं फोन करून सांगतलं होतं मले — रविवारी आईचं वर्षश्राद्ध आहे, त्याच्या आत भावालेबी माझ्यासारखाच पेन पाहिजे, त्याच्याजवळचं अर्धं लाटणं घेऊन येईन तो. मी म्हटलं पाठवा. तुमी दोघा भाऊबहिणीनं आईचं लाटणं मधातून कापून घेतलं, हे ऐकून आमच्या घरची, जयवंता, दोन दिवस तेच बोलून राहिली होती — लोकं वावर वाटतात, सोनं वाटतात, लाटणं कोण वाटते बाप्पा. मी म्हटलं, वाटलं तं वाटलं, फेकलं तं नाही. दोघालेबी सोडवत नसन. त्याच्यात वाईट काय आहे? काहीच नाही. फक्त कामाले वाईट. चौकोनी ठोकळा शिकंज्यात सरळ बसते, लाटण्याले सपाट बाजूच नाही, मधात फुगीर अन् टोकाले निमुळतं — मंग भोक थोडंसं तिरपं जाते, जातेच. मंग सगळा भार या कटरवर येते.

अन् याचा नियम एकच आहे. फिरवता फिरवता पितळ चमकलं का थांबायचं. चमकलं म्हणजे लाकूड नळीबरोबर आलं. त्याच्यापुढं गेले तं कटर नळी खाते, नळी आखूड झाली का रिफिल आत जात नाही, टोक बाहेरच राहते अन् खिशाले शाई. पस्तीस वर्षं फॅक्टरीत टर्नर होतो मी, सुताच्या शंभराव्या भागाचं काम केलं, हे तं पोराटोराचं काम. पण मांगं उन्हाळ्यात एक गंमत झाली. गंमत म्हणजे — गंमत नाही. एक गिऱ्हाईक आलं होतं, तिचं लाकूड असं का दुसरं आणताच येत नाही. एका पेनाले दोन तुकडे लागतात, वरचा अन् खालचा, अन् त्या लाकडातून दोनच निघाले. पहिला झकास झाला. दुसऱ्याले कटर लावला अन् वाट पाहून राहिलो का आता चमकन, मंग चमकन. चमकेच ना. म्हटलं लाइट कमी आहे, बल्ब बदलला. मंग अजून फिरवला. मंग बोटाले बारीक कीस लागला, तो पितळेचा होता. अन् लाकडाले टोकापासून चीर गेली, इथून इथवर. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे जी, डॉक्टर म्हणते पिकला, डावाबी त्याच्या मांगंमांगं येऊन राहिला. जयवंताले मी बल्बचंच सांगतलं, अजूनबी तिले बल्बच माहीत आहे, तुमी बोलू नका. आता मी कानानं करतो. पितळाले दात लागला का आवाज बदलते, जरासा पातळ होते. कान चांगले आहेत माझे.

मंग काय केलं मी? एक तुकडा चांगला, एक गेला. शिसम होतं ते, अन् माझ्याजवळ एका जुन्या खाटेचा पाय पडला होता, तोबी शिसमाचाच. खालचा भाग खाटेचा अन् वरचा लाटण्याचा जवळ धरून पाहिला तं रंग वेगळा दिसे, जयवंताले बोलावून विचारलं तं तीबी म्हणे वेगळाच आहे — मंग दोन्ही खाटेचेच लावले. पेन असा झाला का विचारू नका. ताई न्यायले आल्या, नाकाजवळ धरला, अन् म्हणे काका, आईच्या कणकेचा वास येते अजून. डोळे भरून आले त्यांचे, इथंच, तुमी बसले त्याच स्टुलावर. मी म्हटलं, येतच असन.

— काय? — हाव. लाटण्याचा म्हटलं मी. — हाव, ताईबी म्हटलं. आता निघालं तोंडातून. तुमच्याच ताई, दुसऱ्या कोणाच्या असतीन. बसा. नाही, बसा आधी, बसूनबी रागावता येते. — सांगाले पाहिजे होतं, मान्य आहे मले. सांगणारच होतो, वाक्यबी तयार केलं होतं, पण त्यांनी कणकेचं काढलं अन् माझं तोंडच उघडलं नाही. लाज वाटली जी. सहा महिने झाले, रोज वाटते. त्या शाळेतून फोन करतात मले, का काका, आज चाळीस वह्या तपासल्या तुमच्या पेनानं, आई हात धरून बसल्यासारखी वाटते. मी हाव हाव म्हणतो अन् फोन ठेवतो. मंग त्या दिवशी जेवण नाही जात. — फसवलं म्हणता, तं फसवलंच. मी कुठं नाही म्हणून राहिलो.

पण एक विचारू का? तुमी हे अर्धं लाटणं माझ्या हातात दिलं तवापासून मी याच्यावर अंगठा फिरवून राहिलो. डोळे गेले, अंगठा नाही गेला. ताईच्या अर्ध्याले एका अंगाले खळगा होता — तुमची आई एका हातानं जास्त जोर देत असन, चाळीस वर्षं रोज पोळ्या केल्या का लाकूडबी दबते. याच्यावर खळगा नाही. एक पोळी नाही लाटली याच्यावर कोणी. अन् हे शिसमबी नाही, बाभूळ आहे, वरून रंग मारला, माझ्या बोटाले लागला पाहा. काप तं आठवड्याचाबी नसन, खरखरीत आहे अजून. कोणत्या बाजारातून घेतलं? — नका सांगू, नसन सांगायचं तं.

— हं. — बदली झाली, घर हललं, हं. — कोणी, बायकोनं फेकलं? — तुमीच. जुन्या पेपरच्या गठ्ठ्यात गेलं अन् गठ्ठा रद्दीवाल्याले. — मंग शोधाले गेले होते? — तीन दुकानं. — अन् ताईले माहीत नाही. म्हणजे रविवारी तुमी दोघं आईच्या फोटोपुढं बसले असते, एकाच्या खिशात खाटेचा पाय अन् एकाच्या खिशात बाजारचं लाटणं. दोघंबी समाधानी. खरं सांगतो, हे ओळखूनबी मी पेन करूनच देणार होतो, तोंडावर ताबा राहिला असता तं.

थांबा. त्या खणात नाही, याच्यात आहे. — हे. धरा. तो पहिला तुकडा हा, चांगला झालेला. फेकवला नाही मले. दोन्ही तोंडं सरळ आहेत याची, पण लेथवर चढवून कातला नाही अजून, तोंडं आधी करावं लागते अन् कातणं मांगून — म्हणून बाहेरचं अंग जसंच्या तसं आहे, तुमच्या आईच्या हातचं. तिथं नाही, इथं. अंगठा ठेवा. लागला खळगा? — हं. — होऊ द्या, होऊ द्या. रुमाल नसन तं ते फडकं घ्या, तेलाचं आहे, पण चालते.

तं आता एवढंच उरलं त्या लाटण्याचं, दोन इंच. याचा एका पेनाचा एक भाग होईन, जास्त नाही. कोणाच्या पेनात घालायचा ते मी नाही ठरवणार, मांगं मीच ठरवलं अन् काय झालं ते दिसलंच. ताईले फोन लावा. — नाही लावत? मंग मी लावतो, नंबर तेवढा काढून द्या, मले ते बारके आकडे दिसत नाहीत. — हं. वाजून राहिला. तुमचं काही सांगत नाही मी, माझं मी सांगतो. — हॅलो, अस्मिताताई, चंपतराव बोलून राहिलो, पेनवाले काका. — हाव, पोहोचले ते, समोरच आहेत. — ताई, वर्गात असान तं बाहेर या जरा. — आल्या? ताई, तुमच्या पेनात तुमच्या आईचं लाटणं नाही. खाटेचं लाकूड आहे ते. माझ्या हातून खराब झालं अन् मी तुमाले सांगतलं नाही. — हाव. — हाव, तवापासून. — एक तुकडा आहे जी चांगला, भावाच्या हातात आहे तुमच्या. — त्याच्या अर्ध्यातून आहे का म्हणता? — हा फोन घ्या, ऋषिकेशभाऊ. तुमालेच विचारून राहिल्या. धरा नं.