रोज ढिला होणारा स्क्रू

यंत्र आपोआप बिघडतं, असं मला कोणी सांगू नका. सत्तर सालच्या आसपासची गोष्ट आहे. बालाघाटला दिवेलागणीच्या वेळी विजेचा दाब इतका पडायचा की माझा रेडिओ नुसता घरघरायचा. बायको गेल्यापासून घरात दुसरा आवाज नव्हता. म्हणून फळीवर डायोड आणि कंडेन्सर बसवून मी दाब दुप्पट करणारं सर्किट बनवलं. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण रेडिओ खणखणीत बोलायला लागला.

मग ते सर्किट रोज बिघडू लागलं. शेजारी तुळशीराम राहायचा, उकव्याच्या मँगनीजच्या खाणीतलं काम सोडून आलेला, माझ्यासारखाच एकटा. मी एकेक जोड तपासायचो आणि तो बॅटरीचा उजेड धरून बसायचा. दरवेळी कुठला तरी स्क्रू ढिला सापडायचा.

एके दिवशी ढिल्या स्क्रूवर चुना लागलेला दिसला. मी तंबाखू खात नाही. तुळशीराम खायचा, आणि माझ्या दाराला कधी कुलूप नसायचं.

"हे तूच करून राह्यला ना? बटन बंद असलं तरी कंडेन्सर झटका देते. मेला असता!"

"हौ भाऊ, मीच."

"काहून?"

तो फळीकडे बघत म्हणाला, "रेडिओ सुरू झाला का तू माह्यासंग बोलतच नाही. बिघडला का बोलते."

मी स्क्रू तसाच ढिला राहू दिला.

"बस. बोल आता," मी म्हणालो.